वर्तमानपत्रावरची रोजनिशी : लिव्हिंग्स्टनची अखेरची हस्तलिखिते, त्यांचे जतन आणि नाशिकचा एक लेखनिक

मिशनऱ्याची रोजनिशी हा एकोणिसाव्या शतकातील एक स्वतंत्र लेखनप्रकार मानावा, इतका त्याचा पसारा आहे. ही रोजनिशी वरवर खाजगी असते. पण तिचा लेखक ती लिहिताना एकटा क्वचितच असतो. मायदेशातील संस्थेचे कार्यालय, वर्गणीदार, धर्मबंधू आणि पुढेमागे भेटणारा प्रकाशक हे सारे त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत असतात. त्यामुळे छापील ‘जर्नल’ हाती घेऊन त्यातील अनुभवाच्या सच्चेपणाविषयी विधाने करणारा अभ्यासक नकळत एक मोठे अंतर ओलांडून जातो. टिपण कोठे केले, कशावर केले, त्याची नक्कल केव्हा झाली, छापताना काय गळले आणि मूळ कागदाचे पुढे काय झाले, हे प्रश्न ग्रंथपालांचे आहेत आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यांत शिरण्याचे कारण नाही, अशी समजूत आपल्या विद्यापीठीय वर्तुळात अजून बऱ्यापैकी रुजलेली आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिशांचा इतिहास या समजुतीला धक्का देतो. या इतिहासातील काही महत्त्वाचे दुवे मुंबई आणि नाशिक येथे जोडलेले आहेत, हेही प्रस्तुत विषय या ग्रंथासाठी निवडण्यामागचे एक कारण आहे.

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. लिव्हिंग्स्टन (१८१३–१८७३) हा काटेकोर अर्थाने अखेरपर्यंत मिशनरी नव्हता. लंडन मिशनरी सोसायटीने त्याला दक्षिण आफ्रिकेत पाठविले, तो १८४१ मध्ये तेथे पोहोचला. परंतु ‘मिशनरी ट्रॅव्हल्स’ हा त्याचा ग्रंथ ज्या १८५७ साली निघाला, त्याच साली त्याने सोसायटीशी असलेला संबंध संपविला आणि नंतर ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी म्हणून तो झांबेझीच्या मोहिमेवर गेला. तरीही आपले काम मिशनचेच आहे, ही त्याची धारणा सुटली नाही, आणि त्याच्या रोजनिशीचे वळणही मिशनऱ्याचेच राहिले. वाढदिवसाच्या नोंदीत प्रार्थना, पानाच्या दुसऱ्या बाजूस अक्षांश-रेखांशाची गणिते, मधूनच एखाद्या माशाचे किंवा वनस्पतीचे वर्णन, असे हे लेखन आहे. त्याच्या आधीच्या काळातील रोजनिशांचे संपादन मानववंशशास्त्रज्ञ आय. शापेरा यांनी १९६० आणि १९६३ मध्ये केले. हे खंड शिस्तबद्ध संपादनाचे उत्तम नमुने आहेत, आणि ज्यांना या लेखकाची आरंभीची गद्यशैली पाहावयाची असेल त्यांनी तेथूनच सुरुवात करावी. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र १८६६ ते १८७३ या अखेरच्या सात वर्षांचे लेखन हा आहे.

या सात वर्षांची सुरुवात मुंबईत होते. झांबेझीची मोहीम गुंडाळली गेल्यावर लिव्हिंग्स्टनने आपली ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट स्वतः हाकारत झांझिबारहून निघून जून १८६४ मध्ये मुंबई गाठली. पाऊसकाळ तोंडावर आलेला असताना एवढ्याशा बोटीतून केलेला हा प्रवास हा खरे तर वेडेपणा होता. त्याच्याबरोबर आलेल्या आफ्रिकी सोबत्यांपैकी सूसीने मुंबईच्या गोदीत काम केले. चूमा हा मुलगा १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सोडविला गेला होता. तो आणि त्याचा सोबती वेकोतानी यांना डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवण्यात आले, आणि डिसेंबर १८६५ मध्ये त्यांचा तेथेच बाप्तिस्मा झाला. हे विल्सन म्हणजे मराठी वाचकांना परिचित असलेले, मुंबईतील स्कॉटिश मिशनचे विल्सनच. १८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन पुन्हा मुंबईस आला, ‘लेडी न्यासा’ २,३०० पौंडांना विकली आणि ते पैसे येथील एका बँकेत ठेवले. कापसाच्या तेजीनंतर मुंबईवर जी आर्थिक आपत्ती कोसळली, तीत ते बुडाले. मोहिमेला पुढे कायम जी चणचण जाणवत राहिली, आणि जिचे पडसाद या रोजनिशांच्या कागदापर्यंत उमटले आहेत, तिच्या कारणांपैकी एक कारण मुंबईचा शेअरबाजार होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

जानेवारी १८६६ मध्ये तो मुंबईहून झांझिबारकडे निघाला. त्याच्या तांड्यात मुंबईच्या मरीन बटालियनचे तेरा शिपाई, जोहाना बेटावरचे दहा जण, शुपांगाचे सूसी व आमोदा, चूमा व वेकोतानी, आणि नाशिकच्या शाळेतील नऊ मुले होती. ही ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखली जाणारी मुले मूळची आफ्रिकेचीच. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामवाहू गलबते पकडली की त्यांतून सुटलेली अनाथ मुले मुंबईस उतरविली जात. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर येथे वसविलेल्या ख्रिस्ती वस्तीत अशा मुलांची सोय होई. तेथे त्यांना इंग्रजी लिहिणे-वाचणे व सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकविले जात. शरणपूरचे नाव आजही नाशिकमधील एका रस्त्यास चिकटलेले आहे. रस्त्याने जाणाऱ्यांपैकी किती जणांना त्याचा पूर्व आफ्रिकेशी असलेला संबंध माहीत असेल, कोण जाणे. शिपायांचे आणि लिव्हिंग्स्टनचे पटले नाही, त्यांना त्याच वर्षी परत धाडण्यात आले. जोहानाची माणसे पळाली, आणि लिव्हिंग्स्टन मारला गेल्याची खोटी बातमी त्यांनीच किनाऱ्यावर पसरविली. जानेवारी १८६७ मध्ये औषधांची पेटीही गेली. नाशिकच्या मुलांपैकी बहुतेक एकेक करून गळाले. एडवर्ड गार्डनर मात्र अखेरपर्यंत राहिला.

या परिस्थितीत रोजनिशी लिहिण्याची लिव्हिंग्स्टनची पद्धत समजून घेतली पाहिजे. चालताना, मुक्कामावर, पावसात तो लहान खिशातल्या टिपणवह्यांत पेन्सिलीने नोंदी करी. स्थैर्य मिळाले की त्यांच्या आधारे एका मोठ्या, कुलूप लावता येण्याजोग्या जाड वहीत शाईने सविस्तर रोजनिशी लिही. ही मोठी वही अभ्यासकांत ‘उन्यान्येंबे जर्नल’ या नावाने ओळखली जाते. म्हणजे एकाच दिवसाची किमान दोन रूपे आहेत : एक त्या दिवशीचे आणि दुसरे काही आठवडे, क्वचित काही महिने उलटल्यावरचे. तिसरे रूप पत्रांचे. चौथे, मरणोत्तर छापील रूप, होरेस वॉलर याने सिद्ध केलेले. आपल्याकडे लीळाचरित्राच्या पाठपरंपरेचा अभ्यास केलेल्यांना या साखळीत अपरिचित असे काही वाटणार नाही. फरक एवढाच की येथे चारही रूपांचा कर्ता एकच आहे असे मुखपृष्ठ सांगते, आणि म्हणून पाठभेदाची शंका वाचकाच्या मनाला शिवतच नाही.

१८७० च्या सुमारास लिव्हिंग्स्टन लुआलाबा नदीच्या पश्चिमेकडील प्रवाहाचा शोध घेत मान्येमा प्रदेशात, म्हणजे आजच्या काँगोच्या पूर्व भागात, अडकून पडला होता. पायांना व्रण पडले होते, माणसे नव्हती, आणि टिपणवह्या संपल्या. शाईही संपली. त्याने हाताशी असलेली जुनी वर्तमानपत्रे घेतली, ती शिवून त्यांच्या वह्या केल्या, आणि छापील ओळींना आडवे जाऊन त्यांवर लिहावयास सुरुवात केली. त्यांपैकी एक अंक लंडनच्या ‘स्टँडर्ड’ या पत्राचा, २४ नोव्हेंबर १८६९ चा आहे. शाई म्हणून त्याने स्थानिक वनस्पतिजन्य रंग वापरला, कापड रंगविण्याचा. विलायतेतील बातम्या व जाहिराती खाली, आणि त्यांना छेदून जाणारा बांबारे व न्यांग्वे येथील दिनक्रम वर, असे या पानांचे दृश्य आहे. त्यावर प्रतीकात्मक भाष्य करण्याचा मोह तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना सहज होईल आणि तसे भाष्य झालेलेही आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती साधी भौतिक गोष्ट : वर्तमानपत्राचा कागद हा एका दिवसापुरता बनविलेला असतो. तो पिवळा पडतो, नंतर तपकिरी होतो, घडीवर तुटतो. वनस्पतीचा रंग दुसरीकडून फिकट होत जातो. कागद काळवंडत आणि शाई विरत गेली की दोहोंतील फरक मिटतो आणि छापील मजकूर तेवढा ठळक उरतो. या पानांचे तसेच झाले.

आणि नेमक्या याच पानांवर त्याच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. मार्च १८७१ च्या अखेरीस तो लुआलाबाकाठच्या न्यांग्वे या बाजारगावी पोहोचला. पलीकडे जाण्यासाठी त्याला होड्या हव्या होत्या, त्या कोणी देईना. गावात झांझिबारकडून आलेल्या व्यापाऱ्यांचा तळ होता, आणि हे व्यापारी हस्तिदंताबरोबर गुलामांचाही व्यवहार करीत. १५ जुलै १८७१ रोजी भर बाजारात त्यांच्या माणसांनी गोळीबार सुरू केला. बाजारात बहुसंख्य स्त्रिया होत्या. पळताना कित्येकींनी नदीत उड्या घेतल्या आणि त्या बुडाल्या. व्यापाऱ्यांचाच अंदाज मृतांची संख्या ३३० ते ४०० धरणारा होता. लिव्हिंग्स्टनने हे डोळ्यांनी पाहिले. या प्रसंगाचे त्याने परराष्ट्रमंत्री ग्रॅनव्हिल यास पाठविलेले वर्णन १८७२ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाले, त्याने मोठी खळबळ उडाली आणि झांझिबारच्या सुलतानावर दबाव आणण्यासाठी सर बार्टल फ्रिअरची रवानगी झाली. फ्रिअर हा १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. ५ जून १८७३ रोजी गुलामांच्या समुद्री व्यापारावर बंदी घालणारा आणि झांझिबारचा बाजार बंद करणारा करार झाला, तेव्हा लिव्हिंग्स्टनला मृत्यू येऊन महिना उलटला होता. पण किनाऱ्यावर कोणाला ते ठाऊक नव्हते.

न्यांग्वेहून तो उजीजीला परतला आणि तेथे स्टॅन्ली त्यास भेटला. या भेटीची तारीख दोघांच्या नोंदींत जुळत नाही, कारण आजारपणात लिव्हिंग्स्टनची दिवसांची मोजणी चुकली होती. स्टॅन्लीच्या सहवासातील महिन्यांत त्याला कागद, शाई व उसंत मिळाली आणि वर्तमानपत्रावरील नोंदी मोठ्या वहीत उतरल्या. मार्च १८७२ मध्ये निरोप घेताना त्याने ही वही मोहोरबंद करून, आपली कन्या ॲग्नेस हिच्या हाती द्यावी अशा सूचनेसह, स्टॅन्लीच्या स्वाधीन केली. लंडनला पोहोचल्यावर स्टॅन्लीवर लबाडीचा आरोप झाला. तेव्हा त्याने आणलेले कागद खरोखर लिव्हिंग्स्टनच्या हातचे आहेत, अशी ग्वाही लिव्हिंग्स्टनच्या मुलाने दिली. रोजनिशीचे हस्ताक्षर तेथे साक्षीदार म्हणून उभे राहिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतरच्या टिपणवह्या मात्र लिव्हिंग्स्टनबरोबरच राहिल्या. ऑगस्ट १८७२ मध्ये स्टॅन्लीने किनाऱ्यावरून पाठविलेली नवी माणसे उन्यान्येंबे येथे येऊन मिळाली. त्यांत नाशिकच्या शाळेची दुसरी तुकडी होती : जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारूस फरार आणि इतर काही. बांग्वेउलू सरोवराच्या दलदलीतून चालत, शेवटी डोलीत वाहून नेला जात, लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावी पोहोचला. अखेरची नोंद २७ एप्रिल १८७३ ची आहे, काही शब्दांचीच. त्यानंतर काही दिवसांत तो गेला.

येथून पुढचा भाग जतनाच्या इतिहासात अद्वितीय म्हणावा लागेल. मालक मेला की तांडा पांगणे हा त्या प्रदेशातील सर्वसाधारण प्रघात. मृतदेह बाळगणे धोक्याचे, कारण प्रत्येक गावचा मुखिया त्याबद्दल दंड मागण्याची शक्यता. सूसी आणि चूमा यांनी सर्वांना एकत्र बोलाविले आणि सर्वांसमक्ष पेट्या उघडल्या. जेकब वेनराइटने आतील वस्तूंची यादी लिहून काढली, आणि ती लिव्हिंग्स्टनच्याच एका टिपणवहीच्या पानावर. म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर त्याच्या वहीत पहिला लिहिणारा हात नाशिकला शिकलेल्या एका याओ तरुणाचा आहे. ही यादी आजच्या परिभाषेत सांगायचे तर या संग्रहाचे पहिले सूचिपत्र होय. हृदय व आतडी तेथेच एका झाडाखाली पुरली, वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला. देह मिठाने व उन्हाने सुकविला, सालीच्या वेष्टनात गुंडाळला आणि तांडा किनाऱ्याकडे निघाला. उन्यान्येंबे येथे लेफ्टनंट कॅमेरॉनची गाठ पडली. त्याने देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी मानला नाही. कॅमेरॉनने पेट्यांतील काही उपकरणे मात्र आपल्या मोहिमेसाठी काढून घेतली. पुढे विरोध वाढल्यावर, देह परत पाठविल्याचा देखावा करून तो कापडाच्या गासडीच्या रूपात बांधण्यात आला. फेब्रुवारी १८७४ मध्ये तांडा बागामोयोला पोहोचला. हजार मैलांहून अधिक अंतर, सुमारे नऊ महिने, आणि पेट्यांतील कागद सुरक्षित.

देहाबरोबर इंग्लंडला गेला तो वेनराइट; त्याचा खर्च चर्च मिशनरी सोसायटीने केला. १८ एप्रिल १८७४ च्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीत शवपेटीला हात देणाऱ्यांत तो होता. सूसी आणि चूमा यांना झांझिबारला पगार चुकता करून मोकळे करण्यात आले होते. त्यांना जेम्स यंग या लिव्हिंग्स्टनच्या स्नेह्याने स्वखर्चाने बोलावून घेतले, तोवर दफन उरकले होते. तरी ग्रंथाच्या दृष्टीने त्यांचे येणे निर्णायक ठरले. वॉलर हा पूर्वी युनिव्हर्सिटीज मिशनमध्ये असलेला आणि चूमाला लहानपणापासून ओळखणारा धर्मोपदेशक. त्याच्याकडे संपादनाचे काम आले होते. त्याने या दोघांना शेजारी बसवून नोंदींची ठिकाणे, नावे, क्रम ताडून घेतला. त्यातून १८७४ च्या अखेरीस जॉन मरे यांनी ‘द लास्ट जर्नल्स ऑफ डेव्हिड लिव्हिंग्स्टन इन सेंट्रल आफ्रिका’ हा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. १८६६ पासून शेवटपर्यंतची एकही नोंद गहाळ झालेली नाही, असे वॉलर प्रस्तावनेत अभिमानाने सांगतो.

नोंदी गहाळ झाल्या नव्हत्या हे खरे. त्या सगळ्या छापल्या गेल्या, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. डोरोथी हेली यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हस्तलिखित आणि मुद्रित यांची ओळवार तुलना करून वॉलरने काय गाळले ते दाखविले आहे. झांझिबारचा ब्रिटिश प्रतिनिधी जॉन कर्क हा वॉलरचाही मित्र. त्याच्याविषयीचे लिव्हिंग्स्टनचे कडवट उद्गार काढले गेले. सोबत्यांना केलेल्या शिक्षा, चिडचिड, संतत्वाच्या प्रतिमेला न शोभणारे बरेच काही सौम्य झाले किंवा नाहीसे झाले. आणि सर्वांत महत्त्वाचे : ग्रंथाचा शेवट, म्हणजे बिछान्याशी गुडघे टेकून प्रार्थनेच्या अवस्थेत आलेला मृत्यू, देह सुकविणे, परतीची वाटचाल, हे सारे सूसी आणि चूमा यांच्या मौखिक निवेदनावरून वॉलरने आपल्या शब्दांत लिहिले आहे. लिव्हिंग्स्टनचे सर्वाधिक गाजलेले चित्र त्याच्या रोजनिशीतले नाही. ते असूच शकत नाही. कथनमीमांसेच्या दृष्टीने हा भाग म्हणजे दोन आफ्रिकी निवेदकांचे कथन, इंग्रज संपादकाचे गद्य आणि मुखपृष्ठावर मृताचे नाव, अशी रचना आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात आत्मपर लेखनाचा नमुना म्हणून हा ग्रंथ लावला जातो, तेव्हा निदान एवढे तरी सांगितले जावे.

मूळ कागद कुटुंबाकडे राहिले, आणि पुढे त्यांची वाटणी झाली. लिव्हिंग्स्टनचे जन्मस्थान असलेल्या ब्लँटायर येथे १९२९ मध्ये स्मारक-संग्रहालय उघडले. तेथे आणि एडिनबरा येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मुख्य साठा आहे. क्लेंडेनेन आणि कनिंगहॅम यांची १९७९ ची सूची ही या साठ्याची वाट दाखविणारी पहिली विश्वसनीय साधनसामग्री. वर्तमानपत्रावरची पाने मात्र सूचीत असूनही व्यवहारात मृत होती. काही पाने वाचता येत, काहींत फक्त छापील जाहिराती दिसत. अभ्यासक उन्यान्येंबे जर्नल आणि वॉलरचा ग्रंथ यांवर विसंबत, आणि न्यांग्वेच्या हत्याकांडाची हकिकत त्यांतून घेत.

२०१० मध्ये ॲड्रियन विस्निकी यांच्या पुढाकाराने या पानांचे वर्णपटीय प्रतिमांकन हाती घेण्यात आले. आर्किमिडीजच्या खोडून पुन्हा लिहिलेल्या हस्तलिखितावर काम केलेले तंत्रज्ञ या गटात होते. पद्धत तत्त्वतः सोपी आहे. पान अंधारात ठेवून त्यावर अतिनीलापासून अवरक्तापर्यंत एकेका अरुंद पट्ट्याचा प्रकाश टाकायचा आणि प्रत्येक वेळी छायाचित्र घ्यायचे. छापखान्याची शाई काजळीची असल्याने ती सर्वच प्रकाशात काळी दिसते, अवरक्तातही. लिव्हिंग्स्टनचा वनस्पतिजन्य रंग निळ्या प्रकाशात गडद दिसतो, तर अवरक्तात जवळजवळ अदृश्य होतो. म्हणजे एका चित्रात दोन्ही मजकूर आहेत आणि दुसऱ्यात फक्त छापील. दुसरे पहिल्यातून गणिताने वजा केले की हस्ताक्षर उरते. प्रत्यक्षात घड्या, डाग, पाठीमागून उमटलेली शाई यांमुळे प्रत्येक पानासाठी निराळी प्रक्रिया करावी लागली. या तंत्राची प्रथम परीक्षा झाली ती बांबारेहून वॉलरला १८७१ मध्ये लिहिलेल्या अशाच एका फिकट पत्रावर. रोजनिशीची संपूर्ण प्रतिमांसह आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

वाचता आलेला मजकूर केवळ अधिक तपशिलाचा नाही. तो काही ठिकाणी वेगळा आहे. मोठ्या वहीत लिव्हिंग्स्टन न्यांग्वेचा प्रसंग एका निश्चित नैतिक भूमिकेतून, घटनांची संगती लावून सांगतो. वर्तमानपत्रावरच्या नोंदीत संगती नाही. गोळ्यांचे आवाज येत आहेत, कोण कोणावर उठले आहे ते कळत नाही, पलीकडच्या तीरावर गावे जळत आहेत, आणि लिहिणारा ज्या व्यापाऱ्यांच्या अन्नावर व आसऱ्यावर वर्षानुवर्षे जगला, त्यांच्याविषयी काय म्हणावे हे त्याला ठरविता येत नाही. त्याच्या स्वतःच्या माणसांचा प्रश्न तर अधिक अवघड आहे. कर्कने पाठविलेली दहा माणसे फेब्रुवारी १८७१ मध्ये त्याच्याकडे पोहोचली होती. झांझिबारमधील हिंदी व्यापाऱ्यांचे ते गुलाम. लिव्हिंग्स्टन त्यांना ‘बनियनांचे गुलाम’ म्हणतो. ब्रिटिश प्रजाजन असलेल्या कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांनी गुलाम बाळगावेत, याबद्दलचा त्याचा संताप रोजनिशीत वारंवार उफाळतो. ही माणसे बंडखोर आणि हिंसक असल्याच्या तक्रारी मूळ नोंदींत आहेत. मोठ्या वहीत मजकूर उतरविताना त्यांतील काही भाग गळला वा बदलला. विस्निकी यांनी यावरून असा प्रश्न उपस्थित केला आहे की हत्याकांडाच्या वेळच्या हिंसेत या माणसांपैकी कोणी सामील असावे आणि ते लिव्हिंग्स्टनला ठाऊक असावे काय? त्यांनीही तो प्रश्न म्हणूनच मांडला आहे, आणि मला ती मर्यादा योग्य वाटते. गळलेल्या मजकुराला कबुलीजबाब मानण्याची घाई करू नये. पण ज्या वर्णनाने एक कायदा घडविला, त्या वर्णनाचा लेखक नक्कल करताना काय वगळीत होता, हे आता पानावर पाहता येते, आणि ते पाहिल्यावाचून त्या वर्णनाचे विश्लेषण करणे यापुढे समर्थनीय नाही.

येथे नाशिकच्या लेखनिकाकडे परत यावे लागते. वेनराइटने मालकाच्या मृत्यूनंतर स्वतःची इंग्रजी रोजनिशी ठेवली. लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासाचा आफ्रिकी हाताने त्या वेळीच लिहिलेला हा एकमेव दीर्घ पुरावा असूनही, तिचे नशीब पाहण्यासारखे आहे. तिचा जर्मन अनुवाद पेटरमानच्या भूगोलविषयक नियतकालिकात १८७० च्या दशकातच आला. इंग्रजी मूळ मात्र ब्लँटायरच्या संग्रहात राहिले आणि त्याच्या प्रतिमा व संहिता २०१९ मध्ये प्रथमच सर्वांना उपलब्ध झाल्या. कारूस फरारचेही एक निवेदन आहे, तेही आता छापील रूपात मिळते. वॉलरच्या ग्रंथाच्या तोडीचे स्थान यांना कधी मिळाले नाही. ॲबीतील शिळेवर निष्ठावंत हातांचा उल्लेख आहे, रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने साठ माणसांसाठी पाडलेल्या पदकांवरही निष्ठेचाच गौरव आहे. निष्ठा हा शब्द येथे सोयीचा ठरला. त्यामुळे यादी करणारा, तारीख लिहिणारा, वाटचालीचे निर्णय घेणारा माणूस सेवकाच्या चौकटीत बसवून बाजूला ठेवता आला. डोनाल्ड सिम्पसन यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात या माणसांची चरित्रे गोळा करून ही चौकट थोडी हलविली.

एक लहानसा पाठभेद नोंदवितो. वॉलरच्या ग्रंथात मृत्यूची तारीख १ मे १८७३ आहे, आणि तीच ॲबीतील शिळेवर गेली. वेनराइटने झाडावर कोरलेली तारीख मात्र ४ मे १८७३ अशी आहे. लिव्हिंग्स्टनची स्वतःची दिवसांची मोजणी आधी एकदा चुकली होती हे वर आलेच आहे. त्यामुळे कोणती तारीख खरी, याचा निर्णय केवळ मोठ्या नावाकडे पाहून करता येणार नाही. १८९९ मध्ये ते झाड मरणपंथाला लागल्यावर कोरलेला भाग कापून लंडनला नेण्यात आला. तो रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या संग्रहात आहे. लाकडावरील हा लेख आजही बहुतेक ठिकाणी स्मृतिचिन्ह म्हणून दाखविला जातो. संहिता म्हणून त्याची गणना झाली, तर ती लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या हस्तलिखितांच्या सूचीत, वेनराइटच्या यादीच्या लगेच नंतर, करावी लागेल.